कारण: खातेदाराची विनंती

ते हसत होते की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ओठ हलायचे, मिशी थोडी वर जायची, पण डोळे होते तिथेच राहायचे. आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत ते भाड्याने राहायचे आणि तिथेच बँकेचं सेवा केंद्र चालवायचे. त्यांची खोली आणि माझं स्वयंपाकघर यांच्या मधे एक दार होतं. त्याला मी जुन्या लुगड्याचा पडदा लावला होता. मी अलीकडे, ते पलीकडे. त्यांना मी पाहिलं कमी आणि ऐकलं जास्त.

मूळचे ते सिरोंच्याकडचे, तेलुगू बोलणाऱ्या घरातले. मराठी शाळेच्या पुस्तकातून शिकले, म्हणून ती पुस्तकासारखीच बाहेर यायची. आमचं गाव मले-तुले करणारं, आणि हे खाटेवर बसलेल्या माणसाला "आपण कृपया थोडे सरकाल का" म्हणायचे. तो माणूस उठूनच उभा व्हायचा. हे रागावले की मान देऊन राह्यले, कोणालाच समजत नव्हतं. गावाने त्यांचं नाव टाकलं मेसेजवाले भाऊ.

कारण असं की बँकेने त्यांच्या संगणकात एक प्रोग्राम दिला होता. खात्याचं काहीही करायचं असलं की त्याचा ठरलेला मेसेज त्यातून तयार व्हायचा. खातं उघडलं, खात्यात बदल केला, पत्ता तपासला, वारसाचं नाव घातलं, खातं बंद केलं. यादीतून प्रकार निवडायचा, रिकाम्या जागी नाव आणि नंबर टाकायचा, बटन दाबायचं. शब्द आधीच तयार. तो मेसेज वरच्या बँकेत जायचा आणि खातेदारासाठी एक कागद निघायचा. दुसऱ्या गावच्या बँकेत आपल्या खात्याचं काही झालं, तर तिकडूनही तसाच मेसेज इकडे यायचा.

या गोष्टीचं त्यांना इतकं कौतुक होतं की मला कधीकधी त्यांची कीव यायची.

"विचार करा, बाई," ते पडद्याकडे तोंड करून म्हणायचे. "नागभीडहून पाठवा नाहीतर दिल्लीहून पाठवा, शब्द तेच. पाठवणाऱ्याचा राग नाही, लोभ नाही. सगळ्यांना सारखं."

मी भात उतरवत असायची. राग-लोभ नसलेलं बोलणं ऐकून माणसाने काय करायचं, असं मनात यायचं. पण मी बोलत नसे. परक्या माणसाशी बोलताना माझी जीभ टाळूला चिकटते, लहानपणापासून.

मी चौथी शिकली आहे हे त्यांना कुठून तरी कळलं. मग नवा नमुना आला की ते कागद पडद्याखालून सरकवायचे आणि विचारायचे, साध्या माणसाला हे समजेल ना. कागदावर असायचं, "आपल्या खात्यातील तपशिलात बदल करण्याबाबतची विनंती प्राप्त झाली असून ती विचाराधीन आहे." मी दोनदा वाचायची. अक्षरं सगळी ओळखीची, अर्थ एकाचाही नाही. मी पडद्याआडून मान हलवायची. मान त्यांना दिसत नव्हती. तरी ते म्हणायचे, "ठीक आहे, समजतं."

हळूहळू ते स्वतःही तसंच बोलायला लागले, की आधीपासूनच तसे होते, देव जाणे. त्यांचं जेवण माझ्याकडेच होतं; पडद्याखालून ताट सरकवलं की पलीकडून आवाज यायचा, "लाखोरीची डाळ प्राप्त झाली." मीठ कमी असलं की "बदलाची विनंती आहे." पावसाळ्यात बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी, आमच्याकडे तिला वास्ते म्हणतात, ती केली तेव्हा बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग आला, "यासाठी नमुना नाही." आवडली की नाही, हे मी दोन दिवस विचार करत राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच वास्ते आणून पडद्याजवळ ठेवले.

लोकांचं बोलणं त्या प्रोग्रामात बसवणं हाच त्यांचा खरा धंदा होता. लोक काय बँकेचंच बोलायला येतात का. एक जण भावाशी भांडून आला आणि म्हणाला, बँकेला कळवा, आजपासून तो माझा भाऊ नाही. यांनी यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली, आणि वारसाचं नाव बदलायचा मेसेज काढून दिला. आठवड्याने दोघं भाऊ एकाच मोटारसायकलवर आले आणि तो परत फिरवायला सांगू लागले. यांनी फिरवला. 

नाल्यापलीकडच्या टोल्यावरून, त्या चार घरांच्या वस्तीवरून, एक म्हातारी यायची. तिच्या खात्यात काही हालत नव्हतं. ती पायरीवर बसायची, थोडं गोंडी थोडं मराठी बोलायची, आणि उठताना म्हणायची, "बँकेले माहा रामराम सांगजो." आम्ही सगळे हसायचो. हे हसले नाहीत. रामरामाचा मेसेज यादीत नव्हता, म्हणून त्यांनी पत्ता तपासल्याचा मेसेज पाठवला. खातेदार नमूद पत्त्यावरच राहत आहे. म्हातारी दर बाजाराला यायची, हे दर बाजाराला तिचा पत्ता तपासायचे. शेवटी वरून फोन आला की एकाच बाईचा पत्ता तुम्ही किती वेळा तपासता. त्यांनी शांतपणे सांगितलं, "ती आहे तिथेच आहे, साहेब. ती तेच कळवते आहे." फोनवरचा माणूस काय बोलला, मला ऐकू आलं नाही. 

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

माझे घरधनी आदल्या साली मिरची तोडायला तेलंगणात गेले होते. आमच्याकडून टोळ्याच्या टोळ्या जातात. त्यांची टोळी परत आली, ते आले नाहीत. टोळीतला एक म्हणाला, पुढच्या गावात काम लागलं म्हणून थांबले. दुसरा म्हणाला, अंगात ताप होता. तिसऱ्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांचा फोन बंद. माझी जाऊ शेजारीच राहते. तिचं ठरलेलं होतं की तो काही जिवंत नाही. तसं ती तोंडावर म्हणत नसे, पण सणाला कुंकवाचा करंडा माझ्याकडे सरकवताना तिचा हात अडखळायचा. मी सवाष्ण आहे की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. मी रोज कुंकू लावायची आणि आरशात पाहून वाटायचं की मी कोणाला तरी फसवून राह्यली.

घरधन्यांचं खातं या केंद्रातूनच उघडलेलं होतं. हे मला माहीत होतं, भाऊंनाही माहीत होतं. मी कधी विचारलं नाही. एका सकाळी त्यांनीच पडद्यापलीकडून सांगितलं.

"दुसऱ्याच्या खात्याबद्दल सांगता येत नाही, बाई. नियम आहे. पण त्या खात्याला या घराचा पत्ता आहे. मेसेज आला तर पत्त्यावर पोचवणं माझं काम. मेसेज आला नाही तर खातं चालू आहे, आणि खातं चालू आहे म्हणजे…"

पुढे ते बोलले नाहीत. पुढचं मी मनात बोलली.

तेव्हापासून ते रोज सकाळी पाण्याचा रिकामा तांब्या पडद्याजवळ ठेवायचे आणि म्हणायचे, "आज मेसेज नाही." मी तांब्या भरून सरकवायची. एवढ्यावर माझा दिवस निघायचा.

मोबाइल आले तरी आमच्याकडे मयताचा सांगावा घेऊन जवळच्या सोयऱ्याकडे माणूस जातो. तो वहाणा बाहेर काढतो, अंगणात उभा राहतो, बसत नाही, पाणी घेत नाही. आधी सांगायचं, मग पाणी. समोरचा पाणी घेऊन आला आणि त्याने हात मागे घेतला, की घर समजून जातं. तोंडातून शब्द निघायच्या आधीच बाया बसकण मारतात.

असा एक माणूस आमच्या गल्लीत आला तेव्हा भाऊंनी दारातून पाहिलं आणि मला विचारलं, तो पाणी का घेत नाही. मी कशीबशी चार शब्दांत सांगितलं. ते इतके खूश झाले की पडदा हलला.

"म्हणजे हाही नमुनाच आहे. ऐकणाऱ्याला आधी तयार करतो. आमच्या प्रोग्रामात एवढंच कमी आहे."

मला वाटलं, झालं ते बोलून झालं. पण पुढच्याच बाजारी त्यांनी खातं बंद झाल्याचा एक कागद घेतला आणि गल्लीच्या टोकाला एका घरी जाऊन वहाणा काढून अंगणात उभे राहिले. त्या घरचा मुलगा नागपूरला होता. आईने पाणी आणलं, यांनी हात मागे घेतले. आई जी कोसळली, ती अर्धी गल्ली गोळा होईपर्यंत उठली नाही. मागाहून कळलं की मुलाने दोन खात्यांचं एक केलं होतं, म्हणून जुनं बंद झालं. मुलगा फोनवरून ओरडून सांगू लागला की मी बोलून राह्यलो, मी जिवंत हावो. आईला पटायलाच वेळ लागला.

त्या दिवशी पोरं केंद्रासमोर उभी राहून म्हणू लागली, "या भाऊले वडशाच्या नाटक कंपनीत घ्या रे, यमाचा दूत बिना मेकअपचा शोभते." सरपंचांनी येऊन दम दिला, कागद बटवायचा तर टेबलावरून बटवा, अंगणात उभे राहू नका. ते हो म्हणाले. आम्हा सगळ्यांना वाटलं की पुन्हा असं होणार नाही.

धान झोडून झालं होतं. मी अंगणात बांबूच्या तट्ट्यावर धान वाळत घातलं होतं आणि पायाने सारखं करत होती. दुपार होती. केंद्राचं समोरचं दार वाजलं. वाटलं भाऊ कुठे निघाले असतील. पण ते रस्त्याने गेले, हातपंपाला वळसा घातला आणि माझ्या अंगणाच्या फाटकाशी आले. ज्या घरात राहत होते त्याच घरी ते बाहेरून आले. त्या बाजूने ते कधी आले नव्हते. मला वाटलं, वाट चुकले. स्वतःच्या घराची वाट कोण चुकतो, हेही वाटलं. त्यांनी वहाणा काढल्या. मी डोक्यावर पदर घेतला, आत जाऊन तांब्या आणला, हात लांब केला.

त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

मी बसली नाही. रडलीही नाही. धानावर एक कोंबडी आली होती, तिला मी हाकललं, एवढं आठवते.

जावेने कुंपणावरून पाहिलं होतं. ती रडतच आली आणि तिने माझं मनगट धरलं. खांबावर आपटून बांगड्या फोडायच्या म्हणून ती मला ओढू लागली. भाऊ वाचू लागले होते, "नोंदणीकृत पत्त्यावर कळविण्यात येते की…" जावेच्या आवाजापुढे त्यांचा आवाज पोचत नव्हता. बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून फाटकातून आत येत होत्या. एक बांगडी तडकली.

तेव्हा भाऊ धान तुडवत पुढे आले आणि त्यांनी खांब आणि माझा हात यांच्या मधे कागद धरला.

"कारण अजून वाचलं नाही," ते म्हणाले.

"कायचं कारण रे बाबा," जाऊ म्हणाली. "मेला का जिता हाये, तेवढं सांग."

"खाते बंद करण्याचे कारण: खातेदाराची विनंती. यादीत निधन वेगळं आहे. निधन असतं तर प्रोग्रामने निधन लिहिलं असतं. मेलेला माणूस विनंती करत नाही."

जावेने माझा हात सोडला नाही, पण ओढणं थांबवलं. "म्हंजे जिता हाये."

"ज्या दिवशी त्यांनी विनंती केली, त्या दिवशी होते."

"मंग बंद काऊन केलं?"

"ते मेसेजमध्ये नाही."

 जावेच्या डोळ्यांत पाणी होतं, ते आता कोणाच्या नावाचं, हे तिला समजेना. तिने ते पुसलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जसं मीच काही लपवलं. रडायला आलेल्या बाया परत कशा जायच्या हे न कळून धानाजवळ बसल्या आणि खडे वेचू लागल्या. कोणी म्हणे, चांगलं झालं वं, कुंकू राह्यलं. कोणी म्हणे, कायचं चांगलं. माझ्या आत दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत होत्या. ते जिवंत आहेत म्हणून मी तांब्या घट्ट धरून उभी होती, की त्यांनी इथलं बंद केलं म्हणून, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

भाऊ तसेच उभे. कागदाची घडी करून म्हणाले, "सांगून झालं. आता पाणी घेता येईल का?"

संध्याकाळी पडद्यापलीकडून आवाज आला. इतक्या हळू ते कधी बोलले नव्हते. म्हणाले की टेबलावरून द्यायचा प्रयत्न केला, पडद्याखालून सरकवायचाही केला. कागद अर्धा सरकवून परत ओढला. "शब्द तयार होते, बाई. पण ते तुमच्याशी बोलत नव्हते. म्हणून तुमच्याकडची रीत घेतली. चुकलं असेल."

 त्या दिवशी मी भाकरीवर तेल-मिरची जरा जास्त वाढली.

पुढे त्यांनीच धरलं की माझ्या नावाने खातं उघडायचं. मी म्हटलं मला काय करायचं. ते म्हणाले, उद्या कुठला मेसेज आला तर तो तुमच्या नावाने यावा, कोणाच्या पत्त्याचा भाग म्हणून नाही. मग मी पहिल्यांदा पडद्यापलीकडे जाऊन त्या खुर्चीवर बसली. पायाची बोटं जमिनीला टेकवून बसली. ते एकेक विचारायचे, मी सांगायची. नाव, गाव, फोन. मग ते थांबले. संगणकाने विचारलं होतं, वैवाहिक स्थिती. खाली चार शब्द होते. अविवाहित, विवाहित, विधवा, घटस्फोटित.

त्यांनी बोट बटनावरून उचललं आणि हात मांडीवर ठेवले. प्रोग्राम पुढे सरकत नव्हता. बाहेर कोणी हाक मारली तरी ते उठले नाहीत.

मी चारही शब्द वाचले. मला त्यातला एकही आपला वाटला नाही. पण जावेने ओढलेलं मनगट अजून दुखत होतं, आणि मला एकदम वाटलं की दुसऱ्या कोणी ओढायच्या आधी आपण सांगून टाकावं.

"विवाहित लिवा," मी म्हणाली. "बंद त्यायनं केलं. मी नाई केलं."

त्यांनी लिहिलं. आणि माझी जीभ तेव्हा कशी सुटली काय माहीत, मी विचारलं, "तुमच्या खात्यात काय लिवलं हाये, भाऊ?"

त्यांनी कळफलक जरा पुढे सरकवला. मग ते म्हणाले, "विवाहित."

"त्या कुठी राह्यते?"

"सिरोंच्याच्या पुढे. नदीवर."

"तुमी इथी हा, हे त्यायले मालूम हाये का?"

त्यांनी यादी उघडली. मला खरंच वाटलं ते विसरले की मी काय विचारलं. वरून खाली गेले, खालून वर आले. म्हातारीच्या रामरामासाठी पाहायचे तसंच. मला त्यांचं तोंड बाजूने दिसत होतं. मिशी हलत होती, पण ते हसू नव्हतं, एवढं त्या दिवशी मला कळलं.

"यासाठी नमुना नाही," ते म्हणाले.

"नमुना नसन तं तोंडानं सांगा," मी म्हणाली आणि उठून पडद्याआड पळाली.  इतकं मोठं बोलणं मी आयुष्यात कोणाला बोलली नव्हती.

त्या आठवड्यात ते सिरोंच्याच्या वाटेवरच्या अहेरीची बस धरून गेले. सामान नेलं नाही. खोलीला कुलूप लावलं, किल्ली पडद्याजवळ ठेवली. येतो म्हणाले की जातो म्हणाले, मी चुलीपाशी होती, नीट ऐकू आलं नाही. मी बरेच दिवस त्यांचा तांदूळ धरून भात टाकला. मग बँकेची माणसं येऊन संगणक घेऊन गेली आणि केंद्र ग्रामपंचायतीजवळ उघडलं. तिथे एक तरणा माणूस बसतो, कानात वायर घालून. मेसेज आता सरळ मोबाइलवर येतात. कोणी वाचून दाखवत नाही. नाल्यापलीकडची म्हातारी एकदा त्याच्याकडे जाऊन आली आणि माझ्या पायरीवर येऊन बसली. त्याले रामराम सांगतला तं म्हणते, काम बोला, ती म्हणाली.

भाऊ घरी पोचले की कुठे दुसरीकडेच जाऊन बसले, मला कोणी सांगितलं नाही. विचारायचं कोणाला, हेही माहीत नव्हतं. माझं बोलणं त्यांना लागलं की पटलं, याचा विचार करत मी उन्हाळा काढला.

मग परवा माझा फोन वाजला. परका नंबर. घरधन्यांचा असेल असं वाटून मी हातातलं काम टाकलं. उचलला तर बाईचा आवाज. तेलुगू. ती बोलू लागली ती थांबेचना. मला एक शब्द समजत नव्हता. मधेच आमच्या गावाचं नाव आलं. मधेच मेसेज हा शब्द आला. ती रागावली होती की खूश होती, भांडत होती की उपकार मानत होती, आवाजावरून ठरेना. एकदा वाटलं रडली, एकदा वाटलं हसली. मागे कोणी पुरुष खोकला. तो कोण, मला सांगता येत नाही. मी नुसतं हो, हो म्हणत राहिली.

मग ती थांबली. फोन चालू होता, तिचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आता माझी पाळी आहे.

मी भिंतीला टेकून खाली बसली आणि सांगायला लागली. मिरचीच्या टोळीपासून. तापाचं, बंद फोनचं, जावेच्या हाताचं, त्या चार शब्दांचं. जे मी माझ्या आईजवळ बोलली नाही, जावेजवळ बोलली नाही, ते सगळं मी माझ्या बोलीत सांगत गेली. तिला काय समजत होतं, देव जाणे. मधे मधे ती "अवुनु, अवुनु" म्हणायची, मघाशी मी हो, हो म्हणत होती तशी.

माझं बोलून संपलं तरी तिने फोन ठेवला नव्हता.